सफरचंदावरच्या काजळी डागांसाठी कागदी पिशव्या: तीन सीझन वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

तीन सीझन वापरून झाल्या म्हणून आता लिहितोय. पहिल्याच वर्षी लिहिलं असतं तर "काही उपयोग नाही" लिहिलं असतं आणि दुसऱ्या वर्षी लिहिलं असतं तर "सगळे प्रॉब्लेम सुटले" असं लिहून मोकळा झालो असतो, आणि दोन्ही वेळा वाचणाऱ्याचं नुकसान झालं असतं. या पिशव्या काम करतात, पण एका ठराविक त्रासावर आणि ठराविक वेळेत घातल्या तरच. ती वेळ कुठली आणि तो त्रास कुठला हे पाकिटावर कुठेच लिहिलेलं नसतं, म्हणून रिव्ह्यू जरा लांबणार आहे.

आधी वस्तू काय आहे ते सांगतो. मी दोन प्रकार घेतले. एक दोन थरांची पिशवी, बाहेरचा कागद बाहेरून करडा आणि आतून काळा, त्याच्या आत वेगळी मेण लावलेली लाल कागदाची पिशवी. तोंडाच्या एका कडेला बारीक तार चिकटवलेली, खाली दोन्ही कोपऱ्यांना पाणी निघून जायला छोटा कट. ही लाल जातींसाठी, माझ्याकडे फुजी आहे तिला. दुसरी साध्या एका थराची, फिकट रंगाच्या मेणकागदाची, ती गोल्डन डिलिशिअसला, कारण पिवळ्या जातीला रंग चढवायचा नसतो त्यामुळे काळ्या थराची गरजच नाही. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, अशा पिशव्या बरेच जण बनवतात आणि बनावट जवळपास सारखीच असते. मुळात जपान, कोरिया आणि चीनमधे सफरचंदाला अशा पिशव्या घालायची पद्धत जुनी आहे, ही काही नवीन टूम नाही.

आता त्रास काय होता. काढणीच्या महिनाभर आधीपर्यंत फळं चकाचक दिसायची आणि मग हळूहळू सालीवर काळपट हिरवट ढग उठायचे. म्हणजे कोणीतरी काजळीचं बोट फळावरून फिरवलंय असं. त्याच्या शेजारीच बारीक काळे चमकदार ठिपके, दहा वीस पन्नास असे घोळक्याने, भिंगातून बघितलं तर शाईचे पूर्णविराम एका जागी छापल्यासारखे. पहिल्याला सूटी ब्लॉच म्हणतात, मी काजळी डाग म्हणतो, आणि दुसऱ्याला फ्लायस्पेक, म्हणजे माशी बसून गेल्यासारखे ठिपके. माशीचा त्यात काही संबंध नाही, दोन्ही बुरशीच आहेत आणि बहुतेक वेळा एकाच फळावर जोडीने येतात.

हे ओळखायचं कसं तर ओला फडका घ्या आणि अंगठ्याने जोर देऊन घासा. काजळी डाग थोडा तरी निघतो, फडका मळतो आणि खाली साल जशीच्या तशी असते. फ्लायस्पेकचे ठिपके चिवट असतात पण नखाने एकेक खरवडला तर निघतो आणि खाली खड्डा नसतो. आणि घासल्यावर जर हाताला खरखरीत, बुचासारखं कडक, तडा गेलेलं काही लागलं तर तो स्कॅब आहे, म्हणजे सफरचंदाचा वेगळाच बुरशीचा रोग. तिथे साल आणि त्याखालचा भागच खराब झालेला असतो, तो कितीही घासा निघणार नाही. ही परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे पण ती न करता पिशव्या मागवू नका, कारण पिशवीचा उपयोग पहिल्या दोघांवर आहे, स्कॅबवर जवळपास नाहीच. त्यावर पुढे लिहितो.

हे काजळी डाग खायला धोकादायक नसतात, ही बुरशी सालीवरच्या मेणाच्या थरावर वाढते, गरात शिरत नाही. धुवून, पुसून, साल काढून खुशाल खा. पण फळ विकायला नेलं की असं फळ सरळ खालच्या ग्रेडला जातं, रसाला किंवा जॅमला, आणि वर्षभराची मेहनत त्या एका काळ्या ढगापायी अर्ध्यावर येते याचं फार वाईट वाटतं. शिवाय डागाळलेलं फळ साठवणीत लवकर सुरकुततं, कारण मेणाचा थर बिघडला की पाणी उडायला लागतं. मी दोन क्रेट शेजारी शेजारी ठेवले होते, डागवाल्या क्रेटमधली फळं आधी मऊ पडली आणि देठाजवळ सुरकुतली.

या बुरशीबद्दल एक गोष्ट वाचल्यावर मला माझ्या फवारण्या का फसत होत्या ते कळलं. काजळी डागाचं पहिलं शास्त्रीय वर्णन १८३२ मधलं आहे, अमेरिकेत श्वाइनिट्झ नावाच्या अभ्यासकाने केलेलं. तेव्हापासून १९९० च्या दशकापर्यंत सगळे हिला एकच बुरशी समजत होते. मग बारकाईने तपासल्यावर लक्षात आलं की हा एक अख्खा जमाव आहे, आता त्यात ६० हून जास्त जाती मोजतात. म्हणजे आपण एका रोगावर फवारतोय असं वाटतं आणि प्रत्यक्षात तिथे वेगवेगळ्या स्वभावाच्या कितीतरी बुरशी बसलेल्या असतात, कुठलीला औषध लागू पडतं कुठलीला कमी. आणि ही मंडळी फक्त सफरचंदावर राहतात असंही नाही, बागेच्या कडेच्या ब्लॅकबेरीसारख्या काटेरी वेली, रानद्राक्ष, मेपलसारखी झाडं, यांच्या फांद्यांवर आणि खोडांवर वर्षभर मुक्काम असतो आणि तिथून वाऱ्याने पावसाच्या शिंतोड्याने बीजाणू आत येतात. माझ्या बागेत सगळ्यात जास्त डाग कुंपणाकडच्या दोन ओळींना यायचे, का ते मला कित्येक वर्षं कळलंच नव्हतं.

तर पहिलं वर्ष. मी पिशव्या मागवल्या तेव्हा फळं लिंबाएवढी झाली होती. एका झाडावर सगळ्या फळांना घातल्या, बाकी झाडं नेहमीसारखी. मनात पक्कं होतं की पिशवीत घातलं म्हणजे काम झालं. काढणीला उघडल्या तर आत काजळी. उघड्या फळांपेक्षा कमी, पण होती. फार निराश झालो, विक्रेत्याला रागाने मेसेजही केला. आज सांगतो की चूक पिशवीची नव्हती. बीजाणू आधीच सालीवर येऊन बसले होते, डाग दिसायला तीन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत कितीही वेळ लागू शकतो, म्हणजे आपल्याला फळ स्वच्छ दिसतं तेव्हा ते स्वच्छ असतंच असं नाही. मी त्या बीजाणूंना पिशवीत कोंडून ठेवलं होतं एवढंच.

यात ओलाव्याचा हिशोब महत्त्वाचा आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात ब्राउन आणि सटन या संशोधकांनी १९९५ मधे यावर काम केलंय, पाकळ्या गळल्यावर १० दिवसांनी मोजणी सुरू करायची, एका वेळी ४ तास किंवा जास्त पान ओलं राहिलं तर ते तास बेरजेत धरायचे, आणि अशी बेरीज सरासरी २७३ तास झाली की पहिले डाग दिसायला लागतात. त्यामुळे फवारणी करणारे साधारण २०० ते २२५ तासांना औषध मारतात, डाग दिसायची वाट बघत नाहीत. पावसाचे तास सगळे मोजतात पण पहाटेचं दव आणि धुकं विसरतात, मीही विसरायचो. पाऊस नसला तरी रात्री अकरा बारापासून सकाळी नऊपर्यंत पान ओलं असेल तर एका रात्रीत नऊ दहा तास जमा होतात की! महिन्याभरात कोटा भरतो आणि आपण म्हणत बसतो की यंदा पाऊसच नव्हता तरी डाग कसे आले.

दुसऱ्या वर्षी शहाणपण आलं. पाकळ्या गळल्यापासून तीन आठवड्यांच्या आत, फळ सुपारीएवढं असतानाच काम काढलं. आधी विरळणी, प्रत्येक घोसात एकच फळ, शक्यतो मधलं मोठं, बाकी कात्रीने उडवली. ही विरळणी जिवावर येते हे माहीत आहे, पण दोन फळं एकमेकांना चिकटून असली की मधे ओलावा सुकतच नाही आणि पिशवीही नीट बसत नाही. मग झाड पूर्ण कोरडं असताना एक बुरशीनाशकाची आणि किडीसाठीची फवारणी, ती वाळू दिली, आणि लगेच पुढच्या दोन तीन दिवसांत पिशव्या. मधे पाऊस आला तर थांबायचं, परत फवारायचं, मगच घालायच्या. ओल्या फळाला पिशवी घालणं म्हणजे बुरशीला घर बांधून देणं.

घालायची पद्धत नीट सांगतो, कारण सोबत आलेल्या चित्रावरून मला काही कळलं नव्हतं. पिशवी आधी हाताने फुगवायची, मूठ आत घालून तळ उघडायचा, कोपऱ्यातले कट खरंच सुटलेत का बघायचं. फळ आत सरकवताना देठ तोंडाच्या मधल्या चिरेत घ्यायचा, पान एकही आत नको. मग दोन्ही बाजूंनी कागदाच्या चुण्या घालत तोंड देठाकडे आणायचं आणि शेवटी तार कागदाच्या चुण्यांवर आडवी दुमडायची. तार देठाला पिळायची नाही, हे मोठ्याने सांगतो, देठाला पिळली की दहा दिवसांत फळ पिशवीसकट खाली. पिशवी घातल्यावर फळ आत मधोमध लोंबलं पाहिजे, कागद सालीला चिकटलेला नको. चिकटला तर दुपारच्या उन्हात तिथे साल भाजते आणि पावसात तिथेच ओल धरते. आखूड देठाच्या जातींना हे फार अवघड जातं, तिथे तोंड फळ धरणाऱ्या छोट्या फांदीवरच बांधावं लागतं.

वेळ किती लागतो? पहिल्या दिवशी बोटं ऐकत नाहीत, तासाला साठ सत्तर झाल्या तरी खूप. चौथ्या पाचव्या दिवसापर्यंत दुप्पट वेग येतो. माझी आई माझ्यापेक्षा भरभर घालते आणि तिची एकही पिशवी वाऱ्याने उडाली नाही, माझ्या उडाल्या. शिडीवर चढून करायचं असेल तर वेग परत अर्धा धरा. बुटक्या खुंटावरची, हाताला येणारी झाडं असतील तरच मन लावून हे काम होतं, मोठ्या जुन्या झाडांवर शेंड्याची फळं मी सोडून देतो.

आणि घातल्यानंतर काही फळं गळणार, त्याला घाबरू नका. झाड स्वतःहून लहान फळं टाकतं त्या काळात पिशव्यांसकट काही खाली येतात. पहिल्यांदा बघून पोटात गोळा येतो. मी वाट बघून, गळ संपल्यावर घालू का असा विचार केला होता, पण तोवर उशीर होतो, म्हणून थोड्या पिशव्या वाया गेल्या तरी चालतील असं धरूनच चालतो.

दुसऱ्या वर्षीचा निकाल मी विसरणार नाही. गोल्डन डिलिशिअसच्या पहिल्या झाडाच्या पिशव्या काढल्या तर आतून फिकट, मेणासारखं गुळगुळीत, लोण्याच्या रंगाचं फळ निघालं, एक डाग नाही, देठाजवळ ती तपकिरी खरबरीत जाळीसुद्धा नाही. त्या जातीला ओलाव्याने आणि चुकीच्या फवारणीने साल खरबरीत होते हे ज्याच्याकडे ती आहे त्याला सांगायला नको. त्याच फांदीवर मुद्दाम उघडं ठेवलेलं फळ शेजारी धरून बघितलं, ते काळपट ढगांनी भरलेलं. दोन्ही हातात धरून मी बराच वेळ तसाच उभा होतो. भरलेल्या क्रेटमधे काजळीवाली फळं बोटांवर मोजण्याइतकी निघाली आणि त्यातली बहुतेक अशी होती जिथे तोंड नीट बंद झालं नव्हतं.

फुजीची गोष्ट वेगळी. काळ्या थराच्या पिशवीतून फळ पांढरट हिरवं निघतं, बघून वाटतं हे कच्चंच राहिलं. त्याला काढणीच्या साधारण दोन तीन आठवडे आधी बाहेरची पिशवी काढायची आणि आतली लाल तशीच ठेवायची, मग तीन ते पाच दिवसांनी ती आतलीही काढायची. एकदम दोन्ही काढल्या तर साल उन्हाने भाजते, माझी एका झाडाची पश्चिमेकडची फळं अशीच गेली, तपकिरी चट्टे पडले, कारण संध्याकाळ व्हायच्या आत काम उरकायची घाई केली होती. नीट केलं तर मात्र काय रंग चढतो! चार पाच दिवसांत रोज सकाळी जाऊन बघावं असं वाटतं, आधी गुलाबी झाक, मग पट्टे, मग सगळीकडून एकसारखा स्वच्छ लाल. फळावर टेकलेलं पान तेवढं काढायचं, नाहीतर पानाचा आकार फळावर उमटतो.

त्या उघड्या दोन तीन आठवड्यांत काजळी येत नाही का, हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारला. क्वचित हलकी येते, पण डाग दिसायला लागणारा वेळच एवढा मोठा आहे की तोवर फळ झाडावरून उतरलेलं असतं.

चव? मला पिशवीतल्या फळाची गोडी किंचित कमी वाटली, घरच्यांना फरक कळला नाही. साल पातळ होते हे मात्र नक्की, हाताळताना लवकर दबते, म्हणून काढणीला नखं कापलेली हवीत आणि क्रेटमधे खाली काहीतरी मऊ हवं. आणि कॅल्शियमची फवारणी करत असाल तर पिशवी घालायच्या आधी करा, नंतर कागदावर मारून फळाला काही पोचत नाही. मी पहिल्या वर्षी हे विसरलो तेव्हा कडवट खोलगट डागांची फळं नेहमीपेक्षा जास्त आली.

आता तक्रारी. तिसऱ्या वर्षी आलेल्या मालात एका गठ्ठ्यातल्या पिशव्यांचे कोपऱ्यातले कट डिंकाने चिकटून बंद झाले होते. मी प्रत्येक तपासली नाही, घातल्या. त्या पिशव्यांत पाणी साठलं आणि फळाच्या खालच्या बाजूला, जिथे फुलाचे वाळलेले अवशेष असतात तिथे, बारीक काळे खोल टिपके आले. हे काजळीपेक्षा वेगळे, हे घासून निघत नाहीत. पिशवीतल्या दमट हवेत ट्रायकोथेसियम नावाची गुलाबीसर बुरशी वाढते आणि ती असे काळे टिपके करते, पिशव्या वापरणाऱ्या बागांमधे हा ओळखीचा त्रास आहे. विक्रेत्याला फोटो पाठवले, त्याने तो गठ्ठा बदलून दिला, पण फळं गेली ती गेलीच. म्हणून परत सांगतो, फुगवताना कट बघा, बंद असेल तर कात्रीने टोक उडवा, दोन सेकंदांचं काम आहे. दुसरं म्हणजे काही पिशव्यांत पिठ्या ढेकूण शिरले होते, तोंड सैल राहिलं की ते आत जाऊन आरामात राहतात आणि बाहेरून आपल्याला दिसतही नाहीत. आठवड्यातून एकदा प्रत्येक झाडावरच्या चार पाच पिशव्या उघडून बघायची सवय लावून घ्या.

स्कॅबचं म्हणालो होतो. माझ्याकडे एक जुनं झाड आहे ज्याला दरवर्षी स्कॅब येतो. उत्साहात त्यालाही पिशव्या घातल्या. उघडल्या तर आत तडकलेली, खवल्यांची, वाकडी फळं. स्कॅबची बुरशी, व्हेंचुरिया इनिक्वालिस, गेल्या वर्षीच्या गळलेल्या पानांत थंडी काढते आणि कळ्यांना हिरवं टोक दिसायला लागलं की पहिल्या पावसांबरोबर तिचे बीजाणू उडायला लागतात. १९४४ पासून वापरात असलेल्या मिल्सच्या तक्त्याप्रमाणे १७ ते २४ अंश तापमानात पान साधारण ९ तास ओलं राहिलं की लागण होते. म्हणजे आपण पिशव्या हातात घेईपर्यंत तिचं काम झालेलं असतं. तिथे उपाय म्हणजे पानगळीच्या वेळी ५ टक्के युरियाची फवारणी, खाली पडलेल्या पानांचा मोअरने, म्हणजे गवत कापायच्या यंत्राने, चुरा, आणि कळी फुटल्यापासून वेळेवर संरक्षक फवारणी. एन्टरप्राइझ, गोल्डरश, लिबर्टी अशा स्कॅबला दाद न देणाऱ्या जाती लावल्या तर ती काळजी बरीच जाते, पण लक्षात ठेवा, काजळी त्यांनाही येते. उलट स्कॅबच्या फवारण्या बंद झाल्या की अशा बागांमधे काजळी जास्तच दिसते. एका ओळखीच्या काकांनी गोल्डरश लावून फवारणीच सोडून दिली होती, दोन वर्षांनी त्यांची पिवळी फळं एवढी काळी झाली की ते मला विचारायला आले, काय रे, हा स्कॅब परत आला का! तो स्कॅब नव्हताच.

पिशव्यांआधी आणि सोबत मी जे वापरलं त्याचंही थोडक्यात. नायलॉनचे मोजे, ते पातळ पायमोज्यासारखे, ते एका ओळीला घातले होते. किडीला थोडा अटकाव झाला, काजळीला शून्य, कापड दव धरून ठेवतं आणि बीजाणूंना जाळी अडवत नाही. काजळीसाठी त्यावर एक रुपयाही घालू नका. पोटॅशियम बायकार्बोनेट पिशवी न घातलेल्या झाडांवर वापरतो, काजळी कमी होते हे खरं, पण ते पावसाने धुवून जातं, त्यामुळे प्रत्येक चांगल्या पावसानंतर परत मारायची तयारी हवी आणि कडक उन्हात मारू नये, पानं करपतात. गंधक मारत असाल तर तापमान ३२ अंशांच्या वर असताना नको आणि तेलाच्या फवारणीच्या आगेमागे दोन आठवडे तर अजिबात नको. रासायनिक बुरशीनाशक घ्यायचं तर कॅप्टान एकट्याने काजळीवर फार टिकत नाही, स्ट्रोबिल्युरिन गटातली औषधं जास्त चालतात, पण एकच गट सारखा मारला की स्कॅबची बुरशी निगरगट्ट होते. लेबलवर जे पीक, जो डोस आणि काढणीआधी जितके दिवस थांबायला लिहिलंय तेवढंच.

आणि एक गोष्ट जी पिशवी विकणारा कोणीच सांगणार नाही. माझ्या दाट, न छाटलेल्या झाडावरच्या पिशव्या आणि मोकळ्या केलेल्या झाडावरच्या पिशव्या यात डोळ्यांना दिसेल एवढा फरक होता. पिशवी तीच, घालणारे हात तेच. दाट झाडात कागद दुपारपर्यंत ओला राहायचा, नंतर नंतर तळाशी फाटायला लागला. म्हणून आता उन्हाळ्यात पाणसोट, म्हणजे सरळ उभे वाढणारे जोमदार फुटवे, काढून झाड आतून मोकळं करतो, वारा आरपार गेला पाहिजे, खालचं गवत गुडघ्यापर्यंत वाढू देत नाही, आणि कुंपणाकडच्या काटेरी वेली मुळापासून काढल्या. हे सगळं फुकटचं आहे, कष्टाचं आहे, आणि मला विचाराल तर पिशव्या मागवायच्या आधी एक सीझन हेच करून बघा. कुंपणाकडच्या त्या दोन ओळींतली पिशवी न घातलेली फळंसुद्धा वेली काढल्यावर बरीच सुधारली.

तरीही काही फळं डागाळतातच, त्यांच्यासाठी काढणीनंतरचं धुणं. ५०० पीपीएम (दहा लाख भागांत ५०० भाग) क्लोरीनच्या पाण्यात पाच ते सात मिनिटं बुडवून, मऊ ब्रशने घासून, साध्या पाण्याने खळाळून धुतलं तर काजळीचा बराच भाग जातो, फ्लायस्पेक कमी जातो. विकायचा माल असेल तर तुमच्याकडच्या नियमात हे बसतं का ते आधी बघा, हातमोजे घाला, आणि ब्लीचमधे व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल चुकूनही मिसळू नका, विषारी वायू निघतो. घरी खायच्या फळांना मी हे करत नाही, ओला खरबरीत फडका पुरतो.

पाचपैकी चार स्टार देतो. एक स्टार कापला तो चिकटलेल्या कोपऱ्यांसाठी आणि पाकिटावर घालायची वेळ न छापण्यासाठी. उशिरा पिकणाऱ्या, फिकट सालीच्या जाती असतील, झाडं हाताला येणारी असतील आणि घरात दोन तीन माणसं आठवडाभर मोकळी असतील तर नक्की घ्या. शेकडो मोठी झाडं असतील आणि मजूर मिळत नसतील तर या भानगडीत पडू नका, छाटणी आणि ओलाव्याचे तास मोजून वेळेवर फवारणी हेच तुम्हाला परवडेल. लवकर पिकणाऱ्या जातींना मी घालत नाही, ओलाव्याचा कोटा भरायच्या आत ती फळं उतरलेली असतात.

वापरलेल्या पिशव्या परत वापरता येतात का, तर नाही, मी प्रयत्न केला, मेण गेलेला असतो आणि घडीवर कागद चिरतो, शिवाय त्यावर जुने बीजाणू असणार. काढताना बादली गळ्यात अडकवून पिशव्या सरळ तिच्यात टाकत जा, गवतात टाकू नका, त्या बारीक तारा मोअरच्या पात्यात जातात आणि गुरं चरत असतील तर त्यांच्या पोटात. पुढच्या सीझनची ऑर्डर मी कळ्या फुगायच्या आधीच दिली आहे, यंदा माल आला की पहिल्याच दिवशी प्रत्येक गठ्ठ्यातल्या दहा पिशव्या फुगवून कोपरे बघणार आहे.